पोरांचे दिवस जातात कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पवित्र या शिक्षकभरतीच्या पोर्टलमधून नेमणूक होऊन तुम्हाला दीड वर्ष झालं. शाळा जिल्हा परिषदेची, खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावात, भिलाटीला, म्हणजे भिल्लांच्या वस्तीला, लागून. पहिली ते पाचवी, पट ६३, शिक्षक ३. रोज वर्गात बसतात मात्र तीस-पस्तीस. पाचवीच्या निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. गावात दोन इंग्रजी शाळा निघाल्या, पालकसभेला चार बाया येतात, वरून रोज 'तात्काळ माहिती' मागितली जाते. यातलं आधी काय हातात घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. शेवटी एक वाक्य लिहिलंय, "की आमच्यासारख्यांच्या हातात यातलं काहीच नाही?"

ताई, हे वाक्य मी स्वतः १९९३ च्या आसपास डायरीत लिहिलं होतं. तेव्हा मी अक्राणी तालुक्यात वस्तीवरच्या शाळेत होतो. नंदुरबार जिल्हा अजून झाला नव्हता, तो १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा निघाला. पुढे साक्री आणि शिंदखेडा तालुक्यांत नोकरी झाली, शेवटची वर्षं केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटावर देखरेख करण्यात, गेली. एवढ्या वर्षांत जे हाताला लागलं तेच सांगतो.

तुम्ही सांगितलेल्या अडचणी पाच-सहा वेगवेगळ्या दिसतात, पण माझ्या मते त्यांचं मूळ एकच आहे. गरिबी मुलाची अक्कल घेत नाही, आईबापाची इच्छाही घेत नाही. ती मुलाचे दिवस घेते. वर्ग, पुस्तक, फळा, मास्तर सगळं जागेवर असतं आणि मूल तिथे नसतं. म्हणून आधी दिवस मोजा. बाकीचं त्याच्या मागे लावा.

हिशेब करून बघा. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस शाळा सांगितली आहे. आपली शाळा जूनच्या मध्याला उघडते. त्याच वेळी पेरणी असते. जुलै-ऑगस्टात कपाशीची निंदणी, आई दिवसभर वावरात. दसऱ्याच्या आगेमागे कापूस फुटतो आणि वेचणी सुरू होते. वेचणीचा पैसा किलोवर मिळतो, त्यामुळे आठ वर्षांचा हातही कामाचा ठरतो. नंदुरबारकडे पुढे मिरची सुकवायच्या पथाऱ्या लागतात, तिथे बायकांसोबत पोरी देठ खुडायला बसतात. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आपल्याकडच्या कितीतरी गुजरातेत बारडोली-नवसारीच्या बाजूला जातात, काही पश्चिम महाराष्ट्रात. काही कुटुंबं वीटभट्टीवर. सातपुड्यातला माणूस होळीला कुठूनही परततो. सपाटीवरचे बरेच जण थेट आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, येतात, आणि आखाजी एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात येते, म्हणजे शाळेला सुट्टी लागताना किंवा लागल्यावर.

आता ऊसतोड कुटुंबातला एक मुलगा घ्या. जूनपासून दसऱ्यापर्यंत कामाचे दिवस ९० च्या घरात. त्यातले वीसेक निंदणीत, बाजारात, कानबाईच्या सणात, पोळ्यात, तापात जातात. उरले ७०. नंतर तो आलाच नाही. असं पाच वर्षं चाललं तर त्याला शाळेचे ३५० दिवस मिळाले. वर्षाच्या २०० दिवसांनी भागा, पावणेदोन वर्षं होतात. कागदावर पाचवीत बसलेल्या या मुलाने प्रत्यक्षात दुसरीसुद्धा पूर्ण केलेली नाही. मग त्याला दुसरीचा उतारा वाचता येत नाही यात नवल काय? तो 'अप्रगत' नाही, 'मठ्ठ' तर मुळीच नाही. त्याने पावणेदोन वर्षांत जेवढं यायला हवं तेवढं शिकलेलं आहे. हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला तेव्हा मला रात्री झोप लागली नाही, कारण आधीच्या दहा वर्षांत अशा किती मुलांना मी वर्गासमोर उभं करून ओरडलो होतो ते आठवत राहिलं.

हजेरीपट हा हिशेब तुम्हाला दाखवणार नाही, आणि त्याचं कारण नीट समजून घ्या. आपली संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ती मंजुरी, ३० सप्टेंबरच्या पटावर होते. कायद्यात ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ झाली की तिसरा. ३० सप्टेंबर ही तारीख अशी आहे की निंदणी संपलेली असते, वेचणीला जोर आलेला नसतो आणि टोळ्या निघालेल्या नसतात. वर्षातली सगळ्यात भरलेली शाळा त्या दिवशी असते. तुमचा पट ६३ आहे. त्यातली तीन नावं कमी झाली की तुमच्यातल्या एकाला अतिरिक्त ठरवून दुसरीकडे पाठवतील आणि पाच वर्ग दोघांवर येतील. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने तर सहावी ते आठवीला २० च्या आत पट असेल तिथे शिक्षकाचं पदच ठेवलं नाही. त्यामुळे प्रत्येक मुख्याध्यापकाच्या मनात भीती असते, आणि भीतीपोटी गैरहजर मुलगा हजेरीपटावर हजर होत जातो. एकदा तो तिथे हजर झाला की त्याची खिचडीही शिजल्याची दाखवावी लागते, ऑनलाइन आकडा तसा भरावा लागतो, आणि मग आईबाप स्थलांतराला गेल्यावर मागे राहणाऱ्या त्या मुलासाठी हंगामी वसतिगृह मागायला तोंड राहत नाही. कागदावर तो गेलेलाच नसतो.

मी यात साधू होतो असं म्हणणार नाही. पण केंद्रप्रमुख झाल्यावर एक गोष्ट ठरवली आणि केंद्रातल्या शिक्षकांना ती पटवली: पटावर नाव ठेवायचं, हजेरी मात्र खरी मांडायची. स्थलांतरित मुलाचं नाव पटावर ठेवणं खोटं नाही, कारण तो परत येणार आहे आणि त्याचा हक्क इथेच आहे. तो दिवसा वर्गात बसला होता असं लिहिणं खोटं आहे. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आपण त्यांची गल्लत करतो. खरी हजेरी दाखवल्यामुळे माझ्या केंद्रात एकाही शाळेचं पद गेलं नाही. खुलासे मात्र द्यावे लागले.

तेव्हा पहिलं काम. शंभरपानी वही घ्या, प्रत्येक मुलाला एक पान. वर नाव, आईचं नाव, घरात कोण कोण, काम काय. खाली महिनावार आलेले दिवस आणि न आल्याचं कारण एका शब्दात: निंदणी, वेचणी, धाकटं भावंड, ताप, बाजार, ऊस, लग्न. ही वही ऑनलाइन कुठे भरू नका, कोणाला दाखवायची म्हणून लिहू नका. तीन महिन्यांत तुमच्या लक्षात येईल की तीस गैरहजर मुलं तीस कारणांनी गैरहजर नाहीत. चार-पाच कारणं आहेत, आणि त्यातली दोन-तीन तर शाळेच्या हातातली आहेत.

मला सगळ्यात आधी दिसलेलं कारण म्हणजे धाकटं भावंड. तिसरीतली एक मुलगी आठवड्यात दोन दिवस यायची. घरी गेलो तर ओट्यावर वर्षा-दीड वर्षाचं पोर कडेवर घेऊन उभी. म्हणाली, "माय वावरमा गयी, धाकलाले सांभाळाले कोनी नही." मी म्हटलं, घेऊन ये त्यालाही. दुसऱ्या दिवशी आली. आठवड्याभरात वर्गात चार धाकले झाले. गोंधळ झाला, एकाने माझ्या टेबलाखाली शी केली, पण पोरी आल्या. मग अंगणवाडीताईंशी बोललो. अंगणवाडी त्याच आवारात होती, फक्त तिची वेळ आणि शाळेची वेळ जुळत नव्हती. ती जुळवून घेतली. या एका गोष्टीने मुलींची हजेरी जेवढी वाढली तेवढी कुठल्याही प्रोत्साहनपर भत्त्याने वाढलेली मी पाहिली नाही. भत्त्याचं म्हणाल तर १९९२ मध्ये गरीब घरच्या मुलींसाठी दिवसाला १ रुपया ठरला होता, आणि तो वर्षानुवर्षं १ रुपयाच राहिला. वेचणीचा भाव मात्र दर हंगामाला वाढत गेला.

दुसरं कारण ताप. 'अंग दुखतं' म्हणून वारंवार घरी राहणारं मूल भिल्ल किंवा पावरा कुटुंबातलं असेल तर सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी करून घ्या. आपल्या पट्ट्यात हा आजार बराच आहे. सांधे दुखतात, पोट दुखतं, डोळे पिवळसर होतात, थंडीत आणि पाणी कमी प्यायल्यावर त्रास वाढतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, तेव्हा अशा मुलांची नावं आधीच काढून ठेवा आणि डॉक्टरांना थांबवून दाखवा. पथक अर्ध्या तासात वजन-उंची घेऊन निघून जातं ते आपण आयत्या वेळी काही सांगत नाही म्हणून. माझ्या शाळेत ज्या मुलाला आम्ही सगळे आळशी म्हणायचो त्याला सिकलसेल निघाला. नंतर त्याच्यासाठी आम्ही दोनच गोष्टी केल्या: मैदानावर सक्ती नाही, आणि दर तासाला पाणी. वर्षभरात त्याचे दिवस दुपटीच्या जवळ गेले.

आता शिकवण्याकडे येतो. जो मुलगा वर्षात ७० दिवस येणार आहे त्याचे ७० दिवस कसे वापरायचे? पाचवीचं पुस्तक पहिल्या पानापासून उघडून तर नक्कीच नाही. तुम्ही तिघं मिळून रोज पहिला तास वर्ग मोडा. सकाळी प्रार्थना झाली की इयत्ता विसरा. अक्षरं न येणारे एकीकडे, अक्षरं येतात पण शब्द जुळत नाहीत ते दुसरीकडे, वाक्य अडखळत वाचणारे आणि उतारा वाचणारे तिसरीकडे. पाचवीतला मुलगा दुसरीच्या पोराशेजारी बसायला लाजतो, ते खरं. त्याला त्या गटाची पाटी-खडू वाटायचं काम द्या, लाज निघून जाते. हा तास जून ते दसरा या काळात एकही दिवस चुकवू नका. वर्षाचं वाचन दिवाळीच्या आधी, असा माझा नेम होता. बाकीचे विषय, सहल, स्नेहसंमेलन, स्पर्धा सगळं नंतर. आपल्याकडे उलट होतं. जून-जुलै प्रवेश, पुस्तकं, गणवेश, माहिती भरणं यात जातात, शिकवायला खरी सुरुवात ऑगस्टात होते, आणि ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे ती मुलं ऑक्टोबरात निघून जातात.

आणि भाषा. हे मी कितीही वेळा सांगितलं तरी मला कमीच वाटतं. तुमच्या वर्गात अहिराणी बोलणारी मुलं आहेत, भिल्ली बोलणारी आहेत, एखाद-दुसरं पावरी घरातलं असेल. पहिल्या दिवशी आपण फळ्यावर 'आ' काढतो आणि म्हणतो, आ आईचा. अहिराणी घरात आईला माय म्हणतात. काही भिल्ली घरांत 'याहा' म्हणतात, याहामोगी देवीच्या नावातला तोच शब्द. त्या मुलासाठी 'आ' हा कोणाचाच नसतो. ते मूल गप्प बसतं, आणि आपण लिहून टाकतो 'अबोल आहे, प्रतिसाद देत नाही'.

मी असं करायचो. मुलाला घरच्या बोलीत बोलू द्यायचं, तो बोलला तेच वाक्य देवनागरीत फळ्यावर लिहायचं. 'पोऱ्या वावरमा गया.' त्याच्या खाली, 'मुलगा शेतात गेला.' आपलं बोलणं फळ्यावर बसलेलं पाहून मुलाचा चेहरा कसा होतो ते एकदा बघाच. मग 'मा' आणि 'त' यांचा संबंध तोच शोधून काढतो: वावरमा म्हणजे शेतात, घरमा म्हणजे घरात. दोन-अडीच महिन्यांत प्रमाण मराठी आपसूक वर येते. भिल्ली मला बोलता येत नव्हती. अक्राणीत असताना मी शब्द पोरांकडूनच शिकलो, मागच्या पानांवर लिहून ठेवले. गुरुजी चुकतात आणि आपण त्यांना सुधारतो, याचा त्या मुलांना इतका आनंद व्हायचा की शाळा चुकवायची त्यांची इच्छाच नसायची. बोली 'अशुद्ध' म्हणून तिला दाराबाहेर ठेवणारी शाळा मुलाला अर्धं दाराबाहेरच ठेवते, असं माझं पक्कं मत आहे. या मतावरून सहकाऱ्यांशी माझे खूप वाद झाले. अजूनही होतात.

निघून जाणाऱ्या मुलांबद्दल. शिक्षण हमी कार्ड नावाची चांगली सोय आहे. मूल कोणत्या इयत्तेत, काय येतं, काय यायचंय हे लिहून द्यायचं, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता येतं. अडचण अशी की आपली मुलं गुजरातेत जातात, तिथली शाळा गुजराती, आणि ऊसाच्या फडावरच्या कोप्यांपासून, म्हणजे झोपड्यांपासून, लांब. कार्ड खिशात राहतं. म्हणून मुलाला इथेच ठेवता येईल का ते आधी बघा. आजी-आजोबा, काका कोणी घरी थांबत असेल तर हंगामी वसतिगृहाच्या योजनेतून त्या मुलाच्या जेवणाची सोय मागता येते. माझ्या अनुभवात मंजुरी दिवाळीनंतर यायची आणि टोळी दसऱ्यालाच गेलेली असायची. मंजुरीची वाट पाहत बसलो तर एकही मूल थांबत नाही. त्यामुळे सप्टेंबरात आम्ही थांबणाऱ्या मुलांची यादी, पालकांच्या सह्या आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव तयार ठेवायचो, आणि पहिला महिना गावातून धान्य गोळा करून भागवायचो. एका वर्षी एकवीस मुलं थांबली. एका वर्षी चारच. चार थांबली तरी ते वर्ष वाया गेलं असं मला वाटलं नाही, कारण त्यातली एक मुलगी पुढे नर्स झाली.

होळीनंतर आणि आखाजीला परत येणाऱ्यांसाठी वेगळा वर्ग लागतो, आणि तो उन्हाळ्यात घ्यावा लागतो. आपल्याकडचा एप्रिल-मे म्हणजे पारा ४३-४४ वर. पत्र्याच्या खोलीत दहानंतर बसवत नाही. सकाळी साडेसहा ते साडेआठ, निंबाखाली, तीस दिवस. यासाठी कुणी पैसे देत नाही आणि सुट्टी आपलीही असते. तुम्ही दर वर्षी करा असं मी म्हणणार नाही, तुम्हालाही घर आहे. तिघांनी दहा-दहा दिवस वाटून घेतले तर होतं. गावातली बारावी झालेली एखादी मुलगी सोबत घ्या. पाचवीच्या मुलांसाठी हे आता जास्त गरजेचं झालंय, कारण २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे आणि पुनर्परीक्षेतही नापास झालं तर मूल त्याच वर्गात राहतं. परीक्षेच्या वेळी फडावर असलेल्या मुलाला पुनर्परीक्षेची तारीख कळवणं ही आपली जबाबदारी. टोळीच्या मुकादमाचा फोन नंबर म्हणूनच वहीत हवा.

कागदपत्रांचं थोडं सांगतो, कारण नवीन शिक्षक याला कारकुनी समजतात. कोपीत जन्मलेल्या मुलाचा जन्मदाखला नसतो. शाळेत नाव घालताना पूर्वी सगळ्यांची जन्मतारीख १ जून टाकायचो, अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस त्या दिवशी असतो. आता आधार जुळल्याशिवाय संचमान्यतेत मूल धरत नाहीत, आणि आधारवर नाव एक, जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या प्रवेशनोंदीत, दुसरं असं हमखास असतं. नाव घालतानाच आईला समोर बसवून, स्पष्ट विचारून, आडनाव आणि जात दोनदा वाचून दाखवून लिहा. तुमच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर कुठे आहे? आजच बघा. अनुसूचित जमातीच्या माणसाला जातपडताळणीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा द्यावा लागतो, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. ज्याच्याकडे सातबारा नाही त्याच्या आजोबाची एकमेव नोंद आपल्या कपाटात असते. एका शाळेत ते रजिस्टर वाळवीने खाल्लेलं मी पाहिलंय, आणि त्या पानांवरच्या घरांतली पोरं नंतर वर्षानुवर्षं तालुक्याला खेटे घालताना पाहिलीत. कापडात बांधून, कडुनिंबाचा पाला घालून, जमिनीपासून उंच ठेवा, आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

पैशांचं थोडक्यात. ३१ ते १०० पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला २५,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान आहे. २२० दिवसांनी भागलं तर दिवसाला सव्वाशेच्याही आत. त्यात वीजबिल, खडू, झाडू, फिनेल, रजिस्टरं, नळदुरुस्ती, रंग. तेही बहुधा फेब्रुवारी-मार्चात येतं आणि ३१ मार्चच्या आत खर्चायचं असतं. पैसे कमी आहेत हे खरंच आहे, ते वाढायला हवेत आणि वेळेवर यायला हवेत, हे प्रत्येक बैठकीत बोला. पण स्मार्ट टीव्ही आणि भिंतीवरच्या चित्रांसाठी गावात पावती फाडू नका. वर्गणी मागायची वेळ आलीच तर मुलींच्या शौचालयाच्या पाण्यासाठी मागा. पाणी नसलेलं शौचालय कागदावर शौचालय असतं, पाचवी-सहावीच्या मुलीला त्याचा उपयोग नसतो.

पोषण आहार मात्र कधी बंद पडू देऊ नका. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, एवढीच सरकारी भाषा. आपल्या वस्तीत ते दिवसाचं पहिलं पोटभर जेवण असतं. भाकर-चटणीसुद्धा न खाता आलेलं मूल साडेदहाला जांभया देतं. जमलं तर खिचडीची वेळ थोडी अलीकडे घ्या. स्वयंपाकीण मावशीचं मानधन थकलं तर तिच्या वतीने तुम्ही पत्र लिहा, ती स्वतः लिहिणार नाही.

इंग्रजी शाळांवर तुम्ही रागावला आहात. रागावू नका, निदान पालकांवर तरी नको. रिक्षा चालवणारा बाप पोटाला चिमटा काढून पिवळ्या व्हॅनमध्ये पोराला बसवतो, कारण त्याला दिसतं की गावातल्या साहेबांची आणि आपल्याही, म्हणजे शिक्षकांची, पोरं तिकडेच आहेत. कायद्याने खासगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांमुळे ज्यांना फॉर्म भरता येतो अशी घरंही तिकडे गेली. ती गेली की पालकसभेत बोलणारं, तक्रार करणारं, समितीत प्रश्न विचारणारं माणूस आपल्याकडे राहत नाही. पट घटला यापेक्षा मला हे नुकसान मोठं वाटतं. उपाय म्हणून टाय-बूट आणू नका. परत येणारी मुलं मी दर वर्षी पाहिलीत, तिसरी-चौथीत, फी थकल्यावर. त्यांना वाचायला लावा, जोरात, ओट्यावर बसवून, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल असं. आमच्या शाळेत सातेक मुलं अशी परत आली तेव्हा कुठलीही जाहिरात नव्हती. संध्याकाळी घरी चौथीची मुलगी पेपर वाचून दाखवते, ही बातमी बायकांनीच नळावर पसरवली.

पालकसभेला चार बाया येतात, कारण तुम्ही ती सकाळी अकराला ठेवता. अकराला सभेला यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची. व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका हव्यात असं कायदा सांगतो, पण त्यांनी यावं कधी ते सांगत नाही. बाजाराच्या दिवशी मजूर सुट्टीवर असतात, त्या दिवशी ठेवा. किंवा दिवेलागणीनंतर भिलाटीतच, कोणाच्या तरी ओट्यावर. विषयपत्रिका नको, ती वही न्या. प्रत्येक आईला तिच्या पोराचं पान वाचून दाखवा: तुमचा मुलगा जुलैत अकरा दिवस आला, ऑगस्टात चौदा. आरोप करू नका, आकडा सांगा आणि गप्प बसा. पुढचं त्या बोलतात. एक बाई मला म्हणाली होती, "गुरुजी, मी समजत होते की तो रोज जातो. मी तर उजाडायच्या आत निघते." तिने नंतर शेजारणीला पोरांना शाळेत सोडायचं काम लावून दिलं.

आणि तुम्ही तिघं जळगावहून अपडाउन करता असं लिहिलंय. त्याबद्दल मी उपदेश करणार नाही, भाड्याने धड खोली मिळत नाही हे मला माहीत आहे. फक्त आठवड्यातून एक संध्याकाळ गावात थांबा, शेवटच्या बसने जा. वस्तीतलं खरं सगळं संध्याकाळी कळतं.

ऑनलाइन माहितीचं काम कमी होईल अशी आशा मी सोडली होती, तुम्ही सोडू नका, संघटनेतून भांडत राहा. तोवर तिघांत वाटून घ्या: एकाने फोन आणि पोर्टल सांभाळायचं, त्या तासाला त्याचा वर्ग दुसऱ्याने घ्यायचा. वाचनाच्या पहिल्या तासाला तिघांचेही फोन कपाटात.

आत्ता लगेच करायचं एक काम सांगून थांबतो. कानबाई नुकतीच झाली. आता घरात पैसा नसतो आणि याच दिवसांत मुकादम उचल, म्हणजे ऊसतोडीची आगाऊ रक्कम, वाटतात. एकदा उचल घेतली की कुटुंबाचं जाणं पक्कं होतं, मग कोणी काही सांगून उपयोग नसतो. पोळ्याच्या आधीच्या रविवारी तुम्ही भिलाटीत जा. कोणाची उचल झाली, कोणाची व्हायचीय, टोळी कोणत्या कारखान्यावर जाणार, घरी म्हातारं कोणी थांबणार का, मुकादमाचा नंबर काय, एवढ्या पाच गोष्टी प्रत्येक पानावर लिहून आणा. पहिल्या फेरीत सगळी दारं उघडी मिळणार नाहीत, संध्याकाळी परत जावं लागेल. सोबत पाण्याची बाटली आणि टॉर्च ठेवा, त्या गल्लीत दिवे लवकर जातात.